डिफॉल्ट जामीन

तपासाची कायद्याने ठरवलेली मुदत संपली आणि तोपर्यंत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनावर सुटण्याचा जो हक्क प्राप्त होतो, त्याला न्यायालयीन व्यवहारात डिफॉल्ट जामीन म्हणतात. पुरावा किती भक्कम आहे किंवा गुन्हा किती गंभीर आहे, हे प्रश्न येथे गैरलागू ठरतात; पाहायचे असते ते फक्त दिवसांचे गणित. पूर्वी हा हक्क फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १६७(२) मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मध्ये आहे.

१८९८ च्या संहितेत तपासासाठी जेमतेम पंधरा दिवसांची कोठडी होती. एवढ्यात तपास उरकत नसल्याने पोलीस अपुराच अहवाल सादर करीत आणि तारखा पडत राहून आरोपी तुरुंगातच राही. यावर उपाय म्हणून १९७३ मध्ये साठ दिवसांची कमाल मर्यादा आली आणि १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी ती नव्वद दिवस झाली. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली (मकोका) सरकारी वकिलाच्या अहवालावरून विशेष न्यायालय ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते.

दिवस मोजायचे ते अटकेपासून नव्हे, तर दंडाधिकाऱ्याने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून. तो पहिला दिवस धरायचा की वगळायचा, यावर अनेक वर्षे परस्परविरोधी निकाल होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो धरावा असे ठरवले. म्हणजे १ मार्चला पहिली कोठडी मिळाली असेल, तर साठावा दिवस २९ एप्रिल, आणि ३० एप्रिलला हक्क उत्पन्न होतो.

मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, तो मागावा लागतो, आणि त्याची खरी मेख येथेच आहे. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र आले, तर हक्क संपतो. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००१) या खटल्यात आरोपीने वेळेत अर्ज केला होता, पण दंडाधिकाऱ्याने तो फेटाळला आणि वरच्या न्यायालयात दाद मागितली जात असताना दोषारोपपत्र दाखल झाले. अर्ज करताच हक्क बजावला गेला, न्यायालयाच्या चुकीने तो बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले. राकेश कुमार पॉल प्रकरणात (२०१७) तर तोंडी मागणीही पुरेशी मानली गेली. याची दुसरी बाजू भीमा कोरेगाव प्रकरणात दिसली: १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला, पण आठ सहआरोपींनी तो योग्य वेळी मागितला नव्हता म्हणून नाकारला.

वकील नसलेल्या कैद्याला आपला साठावा दिवस कोणता हे ठाऊकही नसते. जामीन मंजूर झाला तरी जातमुचलका व जामीनदार द्यावे लागतात, आणि ते देता न आल्यामुळे आरोपी आतच असताना दोषारोपपत्र आले, तर आचार्य निकालानुसारच हक्क संपतो. गरीब आरोपीच्या दृष्टीने त्या उदार निकालातील हा सर्वांत कठोर भाग आहे. उलट, एकदा सुटलेल्या आरोपीचा जामीन केवळ दोषारोपपत्र दाखल झाले म्हणून रद्द होत नाही. त्यासाठी अजामीनपात्र गुन्ह्याचा सबळ पुरावा आणि विशेष कारणे दाखवावी लागतात, असे जानेवारी २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.