महापौर आणि नगराध्यक्ष: खर्चाचा जाब कुणाला विचारायचा?

दोघांनाही शहराचे ‘प्रथम नागरिक’ म्हणतात. त्यामुळे रस्ता उखडला की पुणेकर महापौरांवर चिडतात आणि सातारकर नगराध्यक्षांवर. पैशाच्या बाबतीत मात्र ही दोन पदं अगदी वेगळी आहेत.

महापौरांना नगरसेवक आपल्यातूनच अडीच वर्षांसाठी निवडतात. त्यांचं मुख्य काम सर्वसाधारण सभा चालवण्याचं. अंदाजपत्रक तयार करतात आयुक्त, म्हणजे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी. ते आधी स्थायी समितीपुढे जातं. मुंबईबाहेरच्या महापालिकांत ही समिती १६ नगरसेवकांची असते आणि मोठ्या निविदा तिच्याच मंजुरीने निघतात. म्हणून तर ‘स्थायी’साठी पक्षांत एवढी ओढाताण चालते!

खर्चावर याचा परिणाम दिसतोच. आयुक्तांनी मांडलेला आकडा स्थायी समितीत फुगतो, कारण प्रत्येकाला आपल्या प्रभागात काम हवं असतं. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची वेगळी ‘स’ यादीच असते. वर्षअखेरीस मग वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात: एका कामाची तरतूद दुसरीकडे वळवायची. मोठी मलवाहिनी रखडते आणि धडधाकट पदपथावर नवे पेव्हर ब्लॉक बसतात. संपूर्ण शहराच्या गरजेसाठी भांडणारं तिथे कुणीच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

नगरपरिषदेचा कारभार १९६५च्या वेगळ्या कायद्याने चालतो. तिथे सध्या नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतात आणि स्थायी समितीचे सभापतीही तेच असतात. प्रशासन मुख्याधिकाऱ्यांकडे असलं, तरी मतं सगळ्या गावाची घेतलेली असल्याने पाणीयोजनेसारखं काम लावून धरणं नगराध्यक्षांना परवडतं. अडचण येते ती सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचं असलं की. मग विषय एकेका सभेत लटकतात.

तिसराही प्रकार आपण पाहिला. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते. सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकांकडे, म्हणजे प्रशासक म्हणून नेमलेल्या आयुक्तांकडेच होते. २०२५-२६चं सुमारे ७४,४२७ कोटींचं अंदाजपत्रक प्रशासनानेच मांडलं आणि प्रशासकांनीच मंजूर केलं. प्रभागांची ओढाताण थांबली, पण भर सभेत उठून प्रश्न विचारणारंही कुणी उरलं नाही. हे मला जास्त घातक वाटतं.

तेव्हा महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर महापौरांना निवेदन देऊन थांबू नका. त्या कामाचा स्थायी समितीचा ठराव मागा. कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, ते त्यात नावानिशी असतं.