गाईच्या अंडपेशी व भ्रूणांतील मेदसंचय

उंदराची किंवा माणसाची अंडपेशी सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखी नितळ दिसते. गाईची मात्र काळपट आणि दाणेदार असते, तिच्या आतले काही दिसत नाही. पेशीद्रव्यात दाटीवाटीने बसलेल्या मेदबिंदूंमुळे हे घडते. सुमारे १२० मायक्रोमीटर व्यासाच्या या पेशीत साधारण ६० नॅनोग्रॅम मेद असतो, मुख्यतः ट्रायग्लिसराइडच्या रूपात. डुकराच्या अंडपेशीत तो याच्या दुपटीहून जास्त भरतो. फलित पेशीतले पूर्वकेंद्रक (अंडपेशी व शुक्रपेशी यांची अजून एक न झालेली केंद्रके) पाहायचे झाले, तर ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मेद एका कडेला ढकलावा लागतो, इतकी ही दाटी!

एरवी हा मेद पेशीची शिदोरीच असतो. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रे) त्यातली मेदाम्ले जाळून ऊर्जा मिळवतात. ही ज्वलनक्रिया रसायनाने रोखली, तर भ्रूणाची वाढ खुंटते.

अडचण येते ती प्रयोगशाळेत. तेथे अंडपेशी ३८.५° से. तापमानाला २२ ते २४ तास ठेवून पक्व करतात, तिचे फलन घडवतात आणि भ्रूण सातव्या दिवसापर्यंत, म्हणजे कोरकपुटी (ब्लास्टोसिस्ट) होईपर्यंत संवर्धन माध्यमात वाढवतात. गाईच्या पोटात त्याच वयाला पोचलेल्या भ्रूणापेक्षा हा भ्रूण बहुधा अधिक काळा निघतो. मोठा दोष माध्यमात घातलेल्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा. त्यातली मेदाम्ले व लिपोप्रथिने पेशी शोषून घेते, शिवाय तंतुकणिकांचे काम मंदावल्याने साठा जळतही नाही. सीरममुळे कोरकपुट्या लवकर तयार होतात, म्हणून ते सोडवत नाही. पण ही घाई महागात पडते.

ती कशी, हे गोठवणीनंतर कळते. –१९६° से.च्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढून वितळवलेला चांगला भ्रूण काही तासांत पुन्हा फुगतो, त्याची पोकळी द्रवाने भरते. मेदाने लडबडलेला भ्रूण बशीत आक्रसलेल्या काळ्या गोळ्यासारखा पडून राहण्याची शक्यता अधिक.

उपायांत सीरम कमी करणे किंवा त्याऐवजी अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन वापरणे सर्वांत सोपे. एल्-कार्निटिन मेदाम्लांना तंतुकणिकांत पोचवते, तर फोर्स्कोलिन मेदाचे विघटन वाढवते. सेंट्रिफ्यूजने एका बाजूला आणलेला मेद सूक्ष्म नळीने ओढून काढण्याची रीतही आहे. तिला कौशल्य आणि वेळ इतका लागतो, की रोजच्या कामात ती परवडत नाही.

मेद मोजण्यासाठी सुदान ब्लॅक, नाइल रेड अशी रंजके वापरतात. सुदान ब्लॅकने रंगवायचा भ्रूण आधी रसायनाने स्थिर (फिक्स) करावा लागतो, म्हणजे तो जिवंत उरत नाही. त्यामुळे गर्भाशयात सोडायच्या भ्रूणाची पारख बहुतेक वेळा डोळ्यांनीच होते, आणि काळेपणावर सरसकट विसंबता येत नाही: जर्सी गाईचे भ्रूण मुळातच होल्स्टीनच्या भ्रूणांपेक्षा काळपट असतात.