मॉडचिपचं सोल्डरिंग इतकं अवघड कसं होत गेलं?

मॉडचिप म्हणजे गेम कन्सोलच्या कुलुपाला चकवून कॉपी केलेल्या किंवा दुसऱ्या प्रदेशाच्या डिस्क चालवण्यासाठी आत जोडलेली चिप. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये ती बसवणं हे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हातचं काम होतं. आठ पायांचा स्वस्त मायक्रोकंट्रोलर, पाच-सहा तारा आणि तारा जोडायचे सहज दिसतील एवढे मोठे पॉइंट. डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या नागमोडी खाचेतून प्रदेशानुसार बदलणारी चार अक्षरं वाचली जात. साध्या बर्नरला ती खाच उमटवता येत नाही, म्हणून तीच अक्षरं चिप मधल्या मध्ये पुरवायची. चुकलं तर कथील ओढून घ्यायचं आणि पुन्हा लावायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या काळात चिप बसवलेले कन्सोल सर्रास मिळत, ते याच सोपेपणामुळे.

2000 साली आलेल्या प्लेस्टेशन 2 ने हे गणित बिघडवलं. तारांची संख्या वीसच्या पुढे गेली आणि त्यातल्या बऱ्याच बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम ठेवलेल्या, आयसीच्या बारीक पायांवर लागत. शिवाय बोर्डाच्या आवृत्त्या सारख्या बदलत, त्यामुळे प्रत्येकीची पॉइंटची आकृती वेगळी. एक तार ड्राय, म्हणजे नीट न चिकटलेली, राहिली की पडदा काळा, आणि नेमकी कुठली ते शोधायला मल्टिमीटर घेऊन सगळ्या तपासायच्या.

पण खरा वाद झाला तो पहिल्या एक्सबॉक्सवर, आणि तो अजून मिटलेला नाही. या कन्सोलच्या बोर्डावर सोळा भोकांचा एक पोर्ट मोकळाच सोडलेला होता. कारखान्यात बोर्ड तपासताना बाहेरच्या रॉमवरून मशीन सुरू करता यावं, ही त्याची सोय. मूळ रॉम ज्या फ्लॅश मेमरीत असते तिची डी-झिरो ही एकच डेटा रेषा ग्राउंड केली की मशीनला आपली मूळ रॉम वाचता येत नसे आणि ते या पोर्टकडे वळायचं. चिप बनवणाऱ्यांनी हे हेरलं. भोकांमध्ये पिनांची पट्टी, डी-झिरोची एक तार, संपलं काम. पुढे तर स्प्रिंगच्या पिनांचे अडॅप्टर आले. स्क्रू आवळला की चिप बसली, पोर्टला कथील लावायचीही गरज नाही.

असा पोर्ट विक्रीच्या बोर्डावर ठेवणं हा निष्काळजीपणा होता, असं बरेच जण आजही म्हणतात. मला हे पटत नाही. कुलूप आधीच उघडलेलं होतं. साउथब्रिज या बोर्डावरच्या साहाय्यक चिपमध्ये दडवलेल्या 512 बाइटच्या कोडमधली सांकेतिक किल्ली 2002 मध्येच अमेरिकेतल्या एका संशोधक विद्यार्थ्याने काढली होती, तीसुद्धा चिपांमधल्या वेगवान डेटा रेषांवर (बसवर) स्वतः बनवलेला बोर्ड सोल्डर करून. बाजारात आलेल्या पहिल्या चिपांनाही हा पोर्ट लागत नव्हता. त्या एकोणतीस तारांच्या होत्या आणि थेट फ्लॅशच्या पायांवर बसत. पोर्ट सापडला नसता तर चिपा थांबल्या नसत्या. जास्त बोर्ड मात्र मेले असते. त्या पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. सोल्डरिंगची बिट जरा जास्त वेळ टेकली की पॅड (पाय ज्यावर चिकटतो तो तांब्याचा ठिपका) उचकटतो, त्यामागे ट्रॅक (त्याला जोडलेली तांब्याची रेघ) उडतो, मग जंपर, म्हणजे वरून तारा, मारत बसायचं.

2004 च्या 1.6 आवृत्तीत काय झालं ते पाहिलं की हे स्पष्ट होतं. पोर्टची भोकं तशीच ठेवली, पण त्यांच्यापर्यंत येणाऱ्या काही रेषा तोडल्या. लोकांनी बोर्डाच्या खालच्या बाजूने तारा टाकून त्या पुन्हा जोडल्या. कन्सोल उघडायचाच नसेल त्यांच्यासाठी सेव्ह फाइलमधल्या चुकीचा रस्ता 2003 पासून होताच. म्हणजे त्या बदलाने कुलूप भक्कम झालं नाही, नवशिक्याच्या हातून मशीन जायची शक्यता तेवढी वाढली. पुढच्या वीस वर्षांत हेच पुन्हा पुन्हा होत गेलं, म्हणून या एका पोर्टवर इतकं लिहिलं.

निन्टेंडोच्या वी (Wii) कन्सोलमध्ये तर डीव्हीडी ड्राइव्हच्या आयसीचे ज्या पायांवर तारा लागत तेच पाय कापून मशीन विकायला आली. कारागिरांनी उरलेल्या खुंटावर कथील धरलं. नंतर आयसीवर इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा डिंक, ओतलेली सापडू लागली. मधल्या काळात, 1 जुलै 2006 पासून, युरोपात शिसं असलेल्या सोल्डरवर निर्बंध आले. जुनं कथील 183 अंशांना वितळायचं, नवं साधारण 217 ला. जाड ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा तांब्याचा सलग थर) असलेल्या बोर्डावर हा फरक हाताला लगेच कळतो: उष्णता तांब्यात पसरून जाते, सांधा वितळत नाही, आणि तापमान वाढवलं की पॅड जातो.

एक्सबॉक्स 360 वर 2011 मध्ये आलेल्या ग्लिच पद्धतीने अडचणीचं स्वरूपच पालटलं. प्रोसेसरच्या रीसेट रेषेवर अगदी अचूक क्षणी निमिषभराचा झटका द्यायचा असतो. तिथे तारेची लांबी आणि तिचा मार्गसुद्धा मोजला जातो. सांधे चकचकीत असूनही मशीन सुरू व्हायला कधी कधी मिनिटं लागत.

निन्टेंडोच्या स्विच कन्सोलच्या बाबतीत 2018 मध्ये बूटरॉममधली, म्हणजे प्रोसेसरमधल्या कायमच्या सुरुवातीच्या कोडमधली, चूक जाहीर झाली आणि सोल्डरिंगची गरजच संपली. उजव्या कंट्रोलरच्या खाचेतल्या पिना जोडल्या की झालं. त्याच वर्षी दुरुस्त केलेली मशीन यायला लागली आणि 2020 मध्ये चिप परतली. आता पॉइंट म्हणजे प्रोसेसरशेजारचे तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर, त्यांच्यावर बसणारी पातळ लवचीक पट्टी. ती चिप विकणाऱ्या गटातल्या एकाला 2022 मध्ये अमेरिकेत 40 महिन्यांची शिक्षा झाली. तरी काही काळातच आरपी2040 या स्वस्त मायक्रोकंट्रोलरवर तेच काम होऊ लागलं. पहिल्या प्लेस्टेशनप्रमाणे भाग पुन्हा कुणालाही विकत मिळणारा, काम मात्र मायक्रोस्कोपशिवाय होत नाही.

स्विचच्या ओएलईडी मॉडेलमध्ये लागणारी एक डेटा रेषा स्टोरेजच्या आयसीखाली आहे. आयसी हॉट एअरने उचलायची, तिच्या खालच्या कथलाच्या गोळ्यांच्या (बॉलच्या) मधून पातळ अडॅप्टर सरकवायचा, की बोर्ड कोरून आतल्या थरातली रेषा गाठायची, यावर कारागिरांचं एकमत नाही. कोरण्याच्या पद्धतीला त्यांनी कामिकाझे असं नाव दिलं आहे.