ऑल्ट-एफ१ कोणाच्या ताब्यात? व्हर्च्युअल टर्मिनल बदलणाऱ्या कळांची पार्श्वभूमी

जुन्या लिनक्स मशीनवर टर्मिनल (एकाच पडद्यावरचं स्वतंत्र लॉगिन, यालाच कन्सोलही म्हणतात) बदलण्याची कळ बदलायला बसलं की ठरलेल्या अडचणी येतात. ऑल्ट-एफ१ चा अर्थ बदलला तरी कंट्रोल-ऑल्ट-एफ१ पूर्वीसारखंच चालतं. टेक्स्ट कन्सोलवर सगळं नीट जमलं तरी ग्राफिकल सत्रात त्या बदलाचा मागमूस नसतो. बदल करणाऱ्याचं बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. हा शॉर्टकट गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एका मालकाकडे राहिलेलाच नाही, आणि जुन्या सिस्टिमवर काम करताना तिथे कोणत्या काळातला मालक बसलाय हे आधी ओळखावं लागतं.

एकाच पडद्यावर अनेक लॉगिन ठेवण्याची सोय लिनक्सच्या आधीची आहे. ऐंशीच्या दशकात पीसीवर चालणाऱ्या युनिक्समध्ये ती होतीच, फक्त प्रत्येक घराण्याची रीत वेगळी. कुठे ऑल्ट आणि फंक्शन कळ एकत्र दाबायची, तर सिस्टम फाइव्ह या युनिक्सच्या एका शाखेत आधी ऑल्ट-सिस्टम रिक्वेस्ट आणि मग फंक्शन कळ. ही सिस्टम रिक्वेस्ट कळ १९८४ मध्ये ८४ कळांच्या कीबोर्डबरोबर आली.

लिनक्समध्ये व्हर्च्युअल कन्सोल आले ०.१२ या आवृत्तीत, जानेवारी १९९२ मध्ये. शॉर्टकट होता डावा ऑल्ट आणि फंक्शन कळ. डावाच ऑल्ट, कारण युरोपातल्या बऱ्याच कीबोर्डांवर उजवा ऑल्ट चौकटी कंस, महिरपी कंस अशा तिसऱ्या चिन्हांसाठी लागतो. त्या वेळी कीबोर्डचा तक्ता, म्हणजे कोणत्या कळेने काय व्हावं याची यादी, कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यात) गोठलेला असे. फिनिश हवा की अमेरिकन हे कंपाइल करण्यापूर्वी ठरवायचं, आणि एकही कळ बदलायची असेल तर कर्नल पुन्हा बांधायचा. मार्च १९९४ मध्ये १.० आवृत्ती आली तोवर हे बदललं होतं. तक्ता चालू मशीनवर बदलता येऊ लागला: डंपकीज या आदेशाने बाहेर काढायचा, संपादित करायचा, लोडकीज या आदेशाने परत भरायचा.

या तक्त्याची रचना समजली की पहिली अडचण सुटते. प्रत्येक मॉडिफायरला, म्हणजे दुसऱ्या कळेसोबत दाबायच्या कळेला, वजन आहे: शिफ्ट १, उजवा ऑल्ट २, कंट्रोल ४, ऑल्ट ८. दाबलेल्या मॉडिफायरांची बेरीज म्हणजे आतल्या पोटतक्त्याचा क्रमांक. ऑल्ट-एफ१ आठव्या पोटतक्त्यात बघितलं जातं, कंट्रोल-ऑल्ट-एफ१ बाराव्या. मूळ तक्त्यात दोन्हीकडे ‘कन्सोल_१’ लिहिलेलं असतं, म्हणून ‘ऑल्ट कीकोड ५९’ (कीकोड म्हणजे कळेचा क्रमांक, एफ१ चा ५९) ही एकच ओळ बदलली की काम अर्धं राहतं. ‘कंट्रोल ऑल्ट कीकोड ५९’ ही दुसरी ओळही बदलावी लागते. उजव्या ऑल्टसोबत तीच कळ तेराव्या कन्सोलवर नेते, हेही लक्षात असू द्यावं. क्रमांकांतही एक खाच आहे. एफ१ ते एफ१० म्हणजे ५९ ते ६८, पण एफ११ आणि एफ१२ म्हणजे ८७ आणि ८८, कारण पीसीच्या सुरुवातीच्या कीबोर्डांवर दहाच फंक्शन कळा होत्या आणि या दोन मागाहून आल्या. सरळ क्रमाने ६९, ७० लिहिणाऱ्याच्या हाती नमलॉक आणि स्क्रोललॉक लागतात.

बदल करण्याची कारणंही साधी होती. डॉसमधल्या दोन पॅनलांच्या फाइल मॅनेजरमध्ये हात बसलेल्याला ऑल्ट-एफ१ म्हणजे डाव्या पॅनलचा ड्राइव्ह. ऑल्ट आणि डावा-उजवा बाण मूळ तक्त्यात मागच्या-पुढच्या कन्सोलवर नेतात, तर एडिटरमध्ये अनेकांना तीच जोडी शब्दागणिक सरकण्यासाठी हवी असते. लिहिता लिहिता पडदाच बदलतो, ही तक्रार जुनी आणि रास्त आहे.

इथवर हे सगळं साध्या वापरकर्त्याला करता येत होतं. ज्याचं लॉगिन कन्सोलवर आहे, तो लोडकीज चालवू शकत असे. २००५ मध्ये ही मुभा गेली. या लेखात सर्वांत जास्त जागा त्या निर्णयालाच द्यायला हवी, कारण आजही ‘परवानगी नाही’ हा संदेश पाहून थबकणाऱ्यांना त्यामागचं कारण क्वचितच कोणी सांगतं.

मुद्दा असा होता. कर्नलमधला कीबोर्ड तक्ता एकच असतो आणि तो सगळ्या कन्सोलांना सामायिक असतो. पहिल्या कन्सोलवर केलेला बदल सहाव्यावरही लागू होतो आणि वापरकर्ता लॉगआउट करून गेला तरी तसाच राहतो. शिवाय कळेला नुसतं अक्षरच नव्हे तर अख्खी अक्षरमाळ जोडता येते. म्हणजे एखाद्याने एका कळेला आदेशाची पूर्ण ओळ, शेवटच्या एंटरसह, चिकटवून ठेवायची आणि निघून जायचं. नंतर त्याच कन्सोलवर रूट (सर्व हक्क असलेला व्यवस्थापक) म्हणून बसलेल्याने ती कळ दाबली की आदेश रूटच्या हक्काने चालणार. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत २००५ साली याची नोंद झाली आणि कर्नलमध्ये दुरुस्ती आली: तक्ता किंवा अक्षरमाळ बदलायची तर टर्मिनल-व्यवस्थेचा खास हक्क हवा, व्यवहारात रूट हवा.

त्रुटी खरी होती, हे मान्यच. पण इलाज फार ढोबळ झाला. धोका आला होता तक्ता सामायिक असण्यातून. बंद झालं मात्र वापरकर्त्याचं साधं काम. ज्याला कॅप्सलॉकच्या जागी कंट्रोल हवा होता, ज्याला ऑल्ट-बाण एडिटरसाठी मोकळे हवे होते, त्या सगळ्यांना व्यवस्थापकाच्या दारात उभं राहावं लागलं. प्रत्येक कन्सोलला स्वतंत्र तक्ता आणि लॉगआउटबरोबर त्याची सफाई, असा मार्ग घेतला असता तर मूळ दोष गेला असता आणि मुभाही राहिली असती. हे काम मोठं होतं आणि तातडीच्या दुरुस्तीत बसणारं नव्हतं, ही बाजूही खरी. पण तातडी संपल्यावरही ते झालं नाही. स्वतःच्या एकट्याच्या मशीनवर बदल बूटच्या वेळी लावून टाकता येतो, तिथे फरक पडत नाही. प्रयोगशाळेतल्या सामायिक मशीनवर पडतो, आणि व्हर्च्युअल कन्सोल जास्त वापरले जात ते अशाच ठिकाणी.

ग्राफिकल सत्राचा इतिहास याला समांतर चालतो. ग्राफिकल पडदा चालवणारा एक्स सर्व्हर हा प्रोग्राम कीबोर्ड कच्च्या मोडमध्ये, म्हणजे कळांचे मूळ संकेतच, घेई, त्यामुळे कर्नलचा तक्ता तिथे वाचलाच जात नसे. ऑल्ट-एफ४ सारख्या जोड्या प्रोग्रामांसाठी सोडायच्या म्हणून कंट्रोल-ऑल्ट-फंक्शन कळ ही जोडी एक्सने स्वतः ओळखायची आणि कर्नलला कन्सोल बदलायला सांगायचं, अशी व्यवस्था झाली. जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टम फाइव्हची ऑल्ट-सिस्टम रिक्वेस्ट रीत चालू करण्याचा पर्याय होता, आणि बदल पूर्ण बंद करण्याचाही. सर्व्हर गोठला तर मात्र जोडी ओळखणारंच कोणी उरत नसे. मग दुसऱ्या मशीनवरून आत शिरून सीएचव्हीटी हा कन्सोल बदलणारा आदेश चालवणं, किंवा ऑल्ट-सिस्टम रिक्वेस्ट-आर दाबून कीबोर्ड कर्नलकडे परत घेणं, एवढंच हाती राही.

आधी ही जोडी सर्व्हरच्या कोडमध्येच लिहिलेली होती. नंतर ती एक्सच्या स्वतःच्या कीमॅपमध्ये (कळांच्या तक्त्यात) गेली. तिथे मॉडिफायरांप्रमाणे एकाच कळेच्या वेगवेगळ्या पातळ्या असतात: एफ१ कळेच्या पाचव्या पातळीवर ‘स्विच_व्हीटी_१’ हे चिन्ह. त्यामुळे ती बदलणं शक्य झालं आणि नकळत पुसणंही. तीच एफ१ एक्समध्ये ६७ क्रमांकाची आहे, कन्सोलच्या आकड्यापेक्षा ८ ने जास्त. एक्समधल्या कळा बदलणाऱ्या जुन्या एक्समॉडमॅप फाइलीत ‘कीकोड ६७ = एफ१’ एवढंच लिहिलं की पाचवी पातळी उडते आणि टर्मिनल बदलणं बंद पडतं. वर्षानुवर्षं जपलेली फाइल नव्या सर्व्हरवर नेणाऱ्यांना हा फटका बसला.

कीमॅपमध्ये काय ठेवायचं यावर पुढेही वाद झाले. २००९ च्या सुमारास कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेसने सर्व्हर मारण्याची सोय मूळ स्थितीत बंद झाली. २०१२ च्या जानेवारीत उघड झालं की कंट्रोल-ऑल्ट आणि आकडेफलकावरचं गुणाकाराचं चिन्ह दाबलं की पडद्याचं कुलूपच निघतं. चाचणीसाठीची ही जोडी मूळ कीमॅपमध्ये चालू राहिली होती.

त्याच काळात आणखी एक त्रास अनेकांनी अनुभवला: ग्राफिकल सत्रात ऑल्ट-डावा बाण दाबला की कन्सोलच बदलायचा. एक्स कळा आता उपकरणावरून थेट वाचत होता, आणि एखाद्या स्क्रिप्टने कन्सोलचा मोड पूर्ववत केला की कर्नलही त्याच कळा समांतर वाचू लागे. टाइप केलेला पासवर्डही मागच्या टर्मिनलपर्यंत पोचत असे. २०११ मध्ये कर्नलमध्ये कीबोर्ड ‘बंद’ ठेवण्याचा वेगळा मोड आला, तो याच गरजेतून.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या व्यवस्थेत एक्स सर्व्हर उरला नाही, तरी प्रत्येक कंपोझिटर (पडदा जुळवणारा प्रोग्राम) तेच ‘स्विच_व्हीटी’ चिन्ह कीमॅपमधून वाचतो आणि सत्र सांभाळणाऱ्या सेवेला कन्सोल बदलायला सांगतो. कन्सोलवरचा तक्ता अजूनही सगळ्यांना मिळून एकच आहे, आणि तो बदलायला अजूनही रूट लागतो.