लेन्स आणि बॉडीची कुजबुज

नान्नजच्या अभयारण्याला नाव माळढोकाचं, पण आम्हा सोलापूरच्या हौशी मंडळींना तिथं हमखास भेटतात ती काळविटं. त्यांची वाट बघत बसलं की एक वाद निघतोच. "कॅमेऱ्याच्या कंपनीची लेन्स ती कंपनीची. बाहेरच्या कंपनीच्या लेन्सची काच हलक्या दर्जाची."

काच हलकी नसते. बाहेरच्या लेन्स बनवणाऱ्यांपैकी टॅमरॉन १९५० पासून या धंद्यात आहे, सिग्मा १९६१ पासून. २०१३च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० मिमीची झूम लेन्स (मिमीचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं) आणली आणि पगारदार माणसाच्या हाती ६०० मिमी आलं. सोनीची २००-६०० त्यानंतर, २०१९ मध्ये. दोन्हींचं प्रकाश आत घेणारं छिद्र ६०० मिमीला एफ ६.३, म्हणजे त्या ६०० चा ६.३ वा हिस्सा. आता ६०० ला ६.३ ने भागा, सुमारे ९५ येतात. म्हणून दोन्हींना फिल्टर ९५ मिमीचाच लागतो. ब्रँड बदलून भागाकार बदलत नाही.

मग फरक कुठं पडतो? मला विचाराल तर लेन्स आणि बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) यांच्या बोलण्यात.

नाकासमोर पेन्सिल धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. पेन्सिल डावी-उजवी उडी मारते. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही अशी 'डोळ्यांची' जोडी असते. काही पिक्सेलना लेन्सच्या फक्त डाव्या अर्ध्या भागातून आलेला प्रकाश दिसतो, काहींना फक्त उजव्या. फोकस बरोबर असेल तर दोन्ही चित्रं एकमेकांवर चपखल बसतात. चुकला असेल तर ती सरकलेली दिसतात. किती सरकली यावरून चूक किती ते कळतं आणि कुठल्या बाजूला सरकली यावरून काच पुढं न्यायची की मागं ते. चाचपडायची गरजच नाही.

पण हे गणित बॉडी करते आणि मोटर असते लेन्समध्ये. काच एवढीशी हलली तर फोकस किती सरकेल, हा आकडा प्रत्येक लेन्सचा वेगळा. झूममध्ये तर तो २०० ला एक, ६०० ला दुसरा. लेन्समधली चिप तो बॉडीला सांगते, बॉडी हुकूम सोडते, मोटर फिरते, पुन्हा मोजणी. दहा मीटरवर बसलेल्या चंडोलाचा फोटो ६०० मिमी, एफ ६.३ ला घेताना फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) जेमतेम दहा सेंटीमीटर जागा स्पष्ट येते. आकड्यात थोडी गफलत झाली की चोच सॉफ्ट आणि मागचं कुसळ लख्ख.

कॅननने १९८७ साली ईओएस ही कॅमेऱ्यांची मालिका आणताना बॉडी-लेन्समधले यांत्रिक दांडे काढले आणि सगळा कारभार विजेच्या संपर्कबिंदूंवर सोपवला. ती भाषा बाहेरच्या कंपन्या दाराआडून ऐकून शिकल्या. नव्या बॉडीने नवा प्रश्न विचारला की जुनी लेन्स गोंधळते. माझ्या एका झूमने नव्या बॉडीवर पहिल्याच क्लिकला एरर दाखवून मान टाकली होती. काच ठणठणीत! सोनीने २०११ मध्ये आपल्या ई-माउंटची (कॅमेऱ्याला लेन्स जोडायच्या जागेची) मूलभूत माहिती इतरांना खुली केली. तरी हात राखूनच. सोनीच्या ए१ कॅमेऱ्यावर घरची लेन्स सेकंदाला ३० फोटोंपर्यंत जाते, बाहेरची १५ वर थांबते. उडता पक्षी टिपणाऱ्याने जास्तीचे पैसे मोजावेत ते यासाठी. बसल्या काळविटासाठी मी तरी मोजणार नाही.

जाता जाता, खंडेनवमीला लेन्सची पूजा जरूर करा, पण कुंकू झाकणाला लावा. एकाने थेट काचेवर बोट टेकवलं होतं. ते पुसताना कोटिंगवर पडलेले ओरखडे कुठल्याही ब्रँडचे निघत नाहीत.

आणि आमचं ऊन. एप्रिलमध्ये दहा वाजले की माळावरची हवा उकळल्यासारखी थरथरते, तापलेल्या थरांतून किरण वाकडेतिकडे होतात. तेव्हा घरची लेन्स लावा की बाहेरची, काळवीट पाण्यात उभं असल्यासारखंच येतं. आम्ही त्या वेळी कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडतो.