गालिच्याचा लाल: मुळाचा की तुरटीचा?

गालिच्यावर 'नैसर्गिक रंग, केमिकल-फ्री' अशी पट्टी दिसली की निम्मी पट्टी खोटी समजावी. रंग नैसर्गिक असेलही, पण रसायन वगळलं तर तुर्की गालिच्याचा तो गडद लाल चढतच नाही.

हा लाल निघतो रुबिया टिंक्टोरम या वेलीच्या मुळांतून. आपल्या काष्ठौषधींतली मंजिष्ठा याच कुळातली. मुळातलं मुख्य रंगद्रव्य अलिझारिन. नुसत्या मुळांच्या पाण्यात लोकर बुडवली तर मातकट नारिंगी मिळतो आणि धुतल्यावर बराचसा निघून जातो. म्हणून आधी तुरटी. किलोभर लोकरीला दीडशे ते दोनशे ग्रॅम. जास्त घातली तर लोकर चिकट, राठ होते. पाणी हळूहळू तापवून तासभर ठेवलं की तुरटीतले ॲल्युमिनिअमचे आयन लोकरीच्या प्रथिनातल्या कार्बोक्सिल गटांना धरून बसतात. मग अलिझारिन येतं. त्याचे शेजारशेजारचे दोन ऑक्सिजन अणू खेकड्याच्या नांग्यांसारखे ॲल्युमिनिअमला पकडतात. या पकडीमुळे रेणू प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो, म्हणून नारिंगीचा लाल होतो. आणि धागा-धातू-रंग अशी साखळी जुळल्याने तो धुण्यात उतरत नाही.

मुळांची पूड लोकरीच्या निम्म्या वजनापासून बरोबरीपर्यंत लागते. आच ६०-७० अंशांवरच ठेवायची. उकळी फुटली की मुळातली तपकिरी द्रव्यं उतरतात आणि लाल विटकरी होतो. पाण्यात चुना नसेल तर रंग नारिंगीकडे झुकतो, तेव्हा चिमूटभर खडू टाकतात.

तुरटीऐवजी हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातली तर त्याच मुळातून जांभळट तपकिरी मिळतो. लोखंड आणि टॅनिन (झाडांच्या सालीतलं तुरट द्रव्य) यांचा काळा मात्र लोकर खातो. जुन्या गालिच्यांत काळ्या रेघा खोलगट आणि बाकीची नक्षी उठून दिसते ती यामुळे. ती विणकराची करामत नव्हे.

१८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी अलिझारिन प्रयोगशाळेत बनवलं आणि काही दशकांत मुळांची शेती बसली. रेणू तोच, पण मुळात पर्प्युरिनसारखी सोबतीची रंगद्रव्यंही असतात, रंगाची खोली त्यांची. त्याच सुमाराला आलेल्या स्वस्त ॲनिलिन या कृत्रिम रंगांनी खरं नुकसान केलं. १९८१ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ हाराल्ड ब्योमर यांच्या पुढाकाराने तुर्कस्तानातल्या आयवाजिकच्या खेड्यांत नैसर्गिक रंगांचा 'डोबाग' प्रकल्प सुरू झाला, तेव्हा जुन्या धाग्यांचं पृथक्करण करून विसरलेले रंग परत उभे करावे लागले.

जुना गालिचा पाहताना लव बोटांनी फाकवून गाठीपर्यंत बघा. तुर्की गाठीत धागा ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दोन तारांना वेढून मधून वर येतो. तिथे तळाशी भडक गुलाबी आणि टोकाला राखाडी दिसलं, तर तो जुना ॲनिलिन.