बंधाऱ्याखालचं रान

पुण्यातल्या 'बंडगार्डन'मधल्या बंडाचा बंडखोरीशी काही संबंध नाही. बंड म्हणजे बंधारा. मुळा आणि मुठा संगमावर एक होतात आणि तिथून थोडं खाली गेलं की मुळा-मुठेवर हा बंधारा लागतो. तो 1850 मध्ये पुरा झाला. खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी उचलला. अडवलेलं पाणी लष्करी छावणीकडे, म्हणजे आजच्या कॅम्पकडे, चढवलं जाई. काठावर बाग झाली, शेजारी दगडी फिट्झजेराल्ड पूल आला. पुढे खडकवासल्याचं धरण झालं आणि पिण्याच्या पाण्यासाठी या बंधाऱ्याची गरज सरली.

पण नदीच्या लेखी बंधारा रिटायर होत नाही.

वाहत्या पाण्याचा वेग निम्मा झाला, की ते ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचं वजन निम्म्यावर नाही, तर साधारण 64 व्या भागावर येतं. म्हणून बंधाऱ्यामागे संथ झालेलं पाणी आधी गोटे टाकतं, मग वाळू, शेवटी गाळ. वरच्या अंगाला साचलेल्या पाण्यात सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतो आणि जलपर्णी माजते. पावसाळ्यात पाणी बंधाऱ्यावरून उसळून पडतं, पुढे पात्र पसरट होतं तिथे पुन्हा दमतं आणि गाळाची बेटं, चिखलाचे काठ मागे ठेवतं.

अशाच काठावर, कल्याणीनगरच्या बाजूला, डॉ. सालिम अली यांच्या नावाचं छोटंसं पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्य म्हटल्यावर कमानी, फलक शोधू नका. ते नदीकाठचं रान आहे: सुबाभूळ, करंज, उंबर, मध्येच कचऱ्याचा ढीग. त्या ढिगाचं मला मनापासून वाईट वाटतं. हिवाळ्यात सकाळी लवकर जा. उथळ पाण्यात लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे चोच खुपसत फिरत असतात. त्यांच्या चोचीत अधूनमधून बारीक, रक्तासारखं लाल काहीतरी वळवळतं. ती न चावणाऱ्या एका चिलटाची अळी. तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जवळपास संपलेल्या चिखलातही ती तग धरते. मासे मरतात तिथे ही अळी फोफावते आणि तिच्यामागे शेकाटे येतात. तेव्हा शेकाट्यांचा मोठा थवा बघून 'नदी सुधारली' असं म्हणायची घाई करू नये. नेमकं उलट असू शकतं. हळदीकुंकू बदकं, खंड्या, रातबगळे, हिवाळी पाहुणे धोबी, सगळे इथे दिसतात, पण प्रत्येकाची साक्ष वेगळी असते.

झाडांमध्ये माझा जीव आहे तो वाळुंजावर. पुण्याच्या नद्यांचं हे खरं घरचं झाड. फांद्या इतक्या लवचीक, की पुरात त्या आडव्या होतात, मोडत नाहीत. मुळं गाळ घट्ट धरून ठेवतात. पुराचं पाणी अशा झाडोऱ्यात शिरलं की त्याचा जोर मोडतो आणि पसरायला जागा मिळते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा जागा न मिळालेलं पाणी काय करतं ते या शहराने पाहिलं आहे. म्हणूनच काठ 'स्वच्छ, सुंदर' करायला फरशी आणि भिंत आणायची भाषा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो.

वाळुंजाचं बी कापसाच्या धाग्यात गुंडाळलेलं, तिळाहून बारीक. त्याच्यात साठवलेलं अन्न नावालाच असतं, त्यामुळे झाडावरून सुटल्यावर त्याच्या हातात काही दिवसच असतात. तेवढ्यात त्याला ओला, उघडा, उन्हातला गाळ सापडावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी नदी आटत मागे सरकते आणि तसाच एक पट्टा काठाशी मोकळा होतो. बोटभर उंचीची रोपं दिसतात ती तिथेच, पाण्याच्या कडेने, जवळजवळ एका ओळीत.